देवघरातले सॅम्पल

बाबांची मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. मग ते शहराच्या पलासिया भागातल्या एका दवाखान्यात चौकीदार झाले आणि आई लोकांकडे पोळ्या करायला जाऊ लागली. आमच्या गल्लीत सगळ्यांना मिळून एक नळ होता. त्याला एक दिवसाआड नर्मदेचं पाणी यायचं, आणि ते आलं की धक्काबुक्की, शिवीगाळ, सगळं व्हायचं. त्या गर्दीतही आई कळशी लावायच्या आधी नळाला हात जोडायची. मागून बायका ओरडायच्या, "मौसी, पूजा बाद में, अभी भरो." आई हात जोडून झाल्याशिवाय कळशी लावायची नाही.

नर्मदेची गोष्ट मी त्या रांगेतच ऐकली. तिचं लग्न शोणभद्र नावाच्या नदाशी ठरलं होतं. त्याचं मन दुसरीकडे गेलं. हिला ते कळलं तशी ही पाठ फिरवून पश्चिमेला निघाली, ती थेट समुद्रापर्यंत, आणि कुमारीच राहिली. मोठ्या नद्या पूर्वेला जातात आणि ही उलटी वाहते, ती त्या रागामुळं, असं आई सांगायची.

कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा मला दुसरं कारण कळलं. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, मधला पट्टा खचला, नदीला ती वाट मिळाली. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिनं तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "असेल. पण ती रागावली नव्हती, हे तुला कोणी सांगितलं?"

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी खलघाटला नर्मदेच्या काठावरून दगडाचे नमुने आणले. बाबा हातोडा उचलून बघत म्हणाले, "पत्थर फोडायला एवढी पढाई? सडकेवर तर अंगठाछाप लोकं फोडतात." प्रत्येक तुकड्यावर मी पांढरी चिकटपट्टी लावून नंबर घातला होता. सगळे काळे, सगळे सारखे दिसणारे. कुठला कुठल्या थरातला, हे फक्त त्या नंबरावरून कळणार होतं. सोमवारी ते सरांकडे द्यायचे होते. नाही दिले तर त्या वर्षी परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि आणखी एक वर्ष शिकवणं जमणार नाही, हे बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी घरी आले तर खाटेखालची दगडांची पिशवी रिकामी. दगड देवघरासमोर परातीत होते. धुतलेले, पुसलेले, वर गंध आणि फूल. पट्ट्या चुलीत गेल्या होत्या.

"आई, हे काय केलंस? ते देव नाहीत. बेसाल्ट आहे तो."

"बेसाल्ट असेल. नर्मदेचाच आहे ना? मग खाटेखाली, चपलांशेजारी?"

"त्यावर नंबर होते."

"चिकटपट्टी लावलेला देव कोण ठेवतं घरात?"

मग मी परीक्षेचं सांगितलं. आई म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. पुन्हा आणू." रविवारची कामं तिनं शेजारणीकडे सोपवली. एरवी ताप असला तरी ती खाडा करत नसे.

मानपूर गेलं की बसचा रस्ता माळव्याच्या पठारावरून खाली उतरतो. तिथं कापलेल्या डोंगरात थर दिसतात. मी आईला म्हटलं, "हा एकेक थर म्हणजे एकेका वेळी वाहिलेला लाव्हा."

"शंकराचा कोप."

"लाव्हा, आई."

"तेच की."

पुढं मी तिला सांगितलं, की त्या भेगांच्या पट्ट्याला पुस्तकात नर्मदा-सोन म्हणतात, आणि सोन म्हणजे तिचाच शोणभद्र. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या पुस्तकवाल्यांनी लग्न लावूनच टाकलं. तिला विचारलं होतं का?" कंडक्टर मराठी असावा. तो तिकिटं फाडता फाडता हसला.

काठावर मी हातोडा काढला तशी तिनं माझा हात धरला. "पाण्यातला गोटा फोडायचा नाही. तो शंकर आहे."

"पाण्यातला मला नकोच. तो कुठून वाहत आला कोण जाणे. मला जागेवरचा खडक लागतो."

"मग झगडा कशाचा? फोड."

मी फोडत गेले, नंबर घालत गेले. आई प्रत्येक घावाआधी नदीला हात जोडत होती आणि पट्ट्या कापून देत होती. सोमवारी नमुने सरांच्या टेबलावर होते.

आता मी कॉलेजात हाच विषय शिकवते. धर्मातली कथा आणि विज्ञान जुळतं का, असं मुलं विचारतात. मी सरळ सांगते. नदी पश्चिमेला का जाते याचं कारण जमीन खचली हे आहे, परीक्षेत तेच लिहायचं. पूर्वजांना भेगा ठाऊक होत्या आणि त्यांनी त्या कथेत लपवल्या, असं कोणी म्हटलं तर मी तेही मानत नाही. पण नर्मदा आणि सोन शेजारीशेजारी उगम पावतात आणि उलट दिशांना जातात, हे गोष्ट रचणाऱ्यानं नीट पाहिलं होतं. पाहिलेलं खरं होतं, त्याचं कारण मात्र त्यानं स्वतःचं लावलं. आईला माझं कारण पाठ आहे. तरी नळाला ती अजून हात जोडते, आणि आता तो नळ आमच्या स्वयंपाकघरात आहे.

पहिले दगड देवघरातच राहिले. नंबर नसल्यामुळं माझ्या ते काही कामाचे नाहीत.

त्या वर्षी मी पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.