निसटणाऱ्या छातीचे माप

अर्जदार मी, अर्जनवीस. साक्षीदार चहावाला बबन. स्थळ कॉलेजचे कबड्डी मैदान. व्यावसायिक संघासाठी चढाईपटूंची निवड चालू असता आमचा भाचा दिगंबर याच्या छातीला फीत लावताच त्यास गुदगुल्या झाल्या व तो निसटला. मग चौघांनी धरले, तरी निसटला.

"अरे, स्थिर उभा राहा की!" निवडकर्ते ओरडले.

"साहेब, चढाईला माणूस हवाय का खांब?" बबन म्हणाला.

शेरा पडला: माप नसल्याने अपात्र.

रिकामी फीत वाऱ्यावर हलत होती. ती पाहताना वाटले, फितीतून निसटतो तोच माणसाचा खरा गुण असावा. बैल घेणाराही नुसते दात पाहत नाही, जुंपून पाहतो.

सबब विनंती की, दिगंबरास मैदानात एकदा धरून दाखवावे. धरल्यास हा अर्ज रद्द समजावा. धरता न आल्यास छाती अंदाजे लिहून निवडीचे कळवावे.