मारुतीला पुसलेले हात

बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत शेंदराचा एक छोटा कारखाना होता आणि मी तिथे सुपरवायझर होतो. सुपरवायझर म्हणजे काय, तर हजेरी घ्यायची, पोती बघायची, मालकाचं ऐकायचं आणि मजुरांना ऐकवायचं. शिसं भट्टीत वितळवून त्याची पिवळी भुकटी व्हायची, ती पुन्हा भाजली की लाल शेंदूर. मग चाळायचा आणि पोत्यात भरायचा. माल बहुतेक रंगवाल्यांकडे जायचा, पण मजुरांना वाटायचं आपण देवाचं काम करतोय. तसं वाटू देण्यात माझी सोय होती.

अडचण एकच होती, पाण्याची. नळ एक, तोही पार गेटापाशी. जेवणाच्या सुट्टीत हात धुवायला रांग लागायची, कामाला उशीर व्हायचा आणि मालक माझ्यावर खेकसायचा. दुसरा नळ बसवा म्हणायची माझी छाती नव्हती. मग मी डोकं चालवलं. शेडच्या दाराशी एक उभट दगड रोवला, तेलात शेंदूर कालवून त्याला फासला आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "देवाचा शेंदूर मोरीत कामून सोडायलाव? हात मारुतीला पुसा आन् बसा जेवायला."

लोकांना ते पटलं. रांग मोडली. शनिवारी नारळही फुटायला लागला. एक लिंगायत मजूर तेवढा ऐकेना. तो हसून म्हणायचा, "आमाला हात धुतल्याबिगर घास जात न्हाई, साहेब." मी त्याची टिंगल करायचो, "तुझा घास लई नाजूक हाय बघ." तो आपला एकटाच नळावर जाऊन यायचा.

पुढे कारखाने तपासणाऱ्या खात्याकडून एक छापील कागद आला. एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मी दोन्ही बाजू वाचल्या. शिशाच्या कामाच्या जागी खाऊ नये, साबणाने हात धुवावेत, कपडे तिथेच बदलावेत, कामगारांचं रक्त तपासून घ्यावं. कागद मालकाला दाखवला. तो म्हणाला, "ठेव फायलीत." मी ठेवला. मला कळत नव्हतं असं म्हणायला आज मला जागा नाही.

आणि हे सगळं वाचून झाल्यावर मी माझ्या दाजींना तिथे कामाला लावलं.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. दुबलगुंडीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. नेहरू शर्टाची गळपट्टी शिवावी तर त्यांनीच, असं आसपासच्या गावांत म्हणायचे. पण लोक तयार कपडे घ्यायला लागले तसं गिऱ्हाईक आटलं. अक्काला दोन्ही मुलींना बिदरात शिकवायचं होतं. ती मला म्हणाली, "तुझ्या हाताखाली ऱ्हातील, मला घोर न्हाई." दाजींनी एकदाच विचारलं, "धूळ लई आसती म्हणं?" मी म्हणालो, "शेंदूर हाय, दाजी. देवाच्या अंगावरचा. त्यानं काय होतंय?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. मेहुण्याचा शब्द म्हणून त्यांनी तो खरा धरला.

त्यांना चाळणीवर ठेवलं. ते काम बैठं, म्हणून मला वाटलं मी त्यांच्यावर मेहेरबानी केली. सगळ्यात जास्त भुकटी तिथेच उडायची. घरी पोचायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा लाल असायच्या, धाकटी मुलगी हसून त्या ओढणीने पुसायची.

वर्षभरात त्यांचं जेवण तुटलं. पोटात असा पीळ पडायचा की गुडघे छातीशी घेऊन बसायचे. चेहरा पांढराफटक. हसले की हिरड्यांवर निळसर रेघ दिसायची. मला ती दिसली होती. "मिशरी जरा कमी लावा, दाजी," असं मी म्हणालो. मग एके दिवशी त्यांच्या उजव्या हाताचा पंजा मनगटातून खाली लोंबायला लागला. वर उचलायला गेले की बोटं नुसती थरथरायची.

मालकाने मला बोलावून घेतलं. "दवाखान्यात कारखान्याचं नाव निघालं तर कुलूप लागंल. आन् पहिला घरी तू जाशील." मी मान डोलावली. माझा सरकारी नोकरीचा अर्ज तेव्हा कुठेतरी अडकून पडला होता, घरात तान्हं मूल होतं. ही कारणं आहेत, माफी नव्हे.

दाजींना सोलापूरला मीच घेऊन गेलो. अक्काही सोबत होती. डॉक्टर भला माणूस होता. त्याने हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "काम काय करतात हे?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "टेलर आहेत."

"तरीच. कात्रीने नस दबली असेल," डॉक्टर म्हणाला. सुया लिहून दिल्या, पट्टी बांधली, शिवणकाम बंद ठेवायला सांगितलं. दाजींनी डाव्या हाताने कागदाची घडी करून खिशात ठेवली. अक्का पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. मला वाटलं, बिचाऱ्यांना काय कळतंय, निभावलं. आठ दिवसांनी दाजी पुन्हा चाळणीवर आले. मी त्यांना डाव्या हाताने चाळायला सांगितलं.

पुढच्या वर्षी मला शाळेत क्लार्कची सरकारी ऑर्डर मिळाली. मी कारखाना सोडला, पेढे वाटले. त्याच महिन्यात अक्का दाजींना हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. मला सांगितलंही नाही. तिथल्या डॉक्टरला तिने आपल्या मोडक्यातोडक्या दखनी उर्दूत सगळं सांगितलं. भट्टी, चाळणी, शेंदूर, मारुतीला हात पुसून खाल्लेली भाकरी. रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. औषधाने पोट सुधारलं. हात मात्र आला नाही. लवकर आणलं असतं तर आला असता, असं डॉक्टर म्हणाला.

हे ऐकून मी दुबलगुंडीला गेलो. दाजी ओसरीवर बसले होते. शिवणयंत्र विकलं गेलं होतं. मला बघून उठायला लागले, मानाने, नेहमीसारखे. मला ते बघवलं नाही, मी आत चुलीपाशी अक्काकडे गेलो. माझी चूक होतीच, पण तोंडातून निघाला तो रागच.

"एवढं सगळं म्हाईत व्हतं तर सोलापुरातच कामून बोलली न्हाईस?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"ह्येंनीच गप ऱ्हा म्हणले. पोराची नोकरी जाईल म्हणले. तुझी सरकारी ऑर्डर यायची वाट बघत बसलाव आमी."