बाबांची भाऊबीज आणि धूर ओकणारी गाडी

मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, आखातातून कायमचा म्हणून परत आला, तेव्हा सोबत एक जुनी जपानी गाडी घेऊन आला. मग कंटाळून पुन्हा तिकडेच गेला आणि गाडी माझ्या गळ्यात घालून गेला. डोंबिवलीत तेव्हा असल्या गाडीकडे लोक थांबून बघत. मीही बघायचो, कारण ती बहुतेक वेळा उभीच असायची.

गाडी बुटकी. सोसायटीच्या फाटकातल्या गटाराच्या जाळीवर तिचा सायलेन्सर रोज घासायचा. शेवटी कल्याणच्या एका वेल्डरकडे नेली. त्याने खालचा पाइप कापला आणि नवा जरा वर उचलून जोडला. जुन्या पाइपातून वायर लावलेला एक बोल्टसारखा तुकडा निघाला.

"साहेब, हा कशाला असतो?"

"असेल काहीतरी," मी म्हणालो.

एवढ्या सखोल चर्चेनंतर त्याने तो तारेने गाडीच्या पोटाला बांधून टाकला.

तो ऑक्सिजन सेन्सर होता. धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते पाहून पेट्रोल कमीजास्त करवणं हे त्याचं काम. आम्ही त्याला मोकळ्या हवेत टांगलं होतं. त्याला सगळीकडे ऑक्सिजनच दिसायचा, आणि 'पेट्रोल कमी पडतंय, अजून ओत' म्हणून तो इंजिनाच्या मागे लागायचा. गाडी काळा धूर ओकायला लागली. हा उलगडा मेहुण्याने फोनवर केला, तोही आधी पोटभर हसून घेतल्यावर.

आम्हाला हसू येत नव्हतं. बाबांना दमा, त्यात गुडघे गेलेले. स्टेशनचा जिना चढणं बंद झालेलं. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, टिटवाळ्याला. दसऱ्याला त्यांना गाडीत घालून निघालो, तर आंबिवलीपाशीच खोकल्याची अशी उबळ आली की गाडी परत फिरवली. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "भाऊबीज चुकली नाही रे माझी आजवर."

मेहुण्याने दिवाळीला येणाऱ्या ओळखीच्या एकाबरोबर नवा सेन्सर धाडला. पाडव्याच्या संध्याकाळी तो खजुराच्या डब्यातून, मोज्यात गुंडाळलेला, हाती आला. सकाळी वेल्डरकडे गेलो तर दुकान बंद. तोही कुणाचा तरी भाऊ असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पायरीवर बसून राहिलो. घरी बाबा इस्त्रीचा सदरा घालून असेच बसलेले असणार.

ऊन कलल्यावर तो आला, कपाळावर टिळा घेऊन.

"काय साहेब, तुम्हाला बहीण नाय का?"

"मला नाही. वडिलांना आहे."

त्याने लगेच दुकान उघडलं. नवा शर्ट काढून खुंटीला लावला आणि गाडीखाली शिरला. नव्या पाइपाला भोक पाडलं, त्यावर नट वेल्ड केला, सेन्सर पिळून बसवला.

बाबा मागे बसले ते नाकाला रुमाल लावूनच. आंबिवली गेल्यावर मी आरशात पाहिलं. रुमाल मांडीवर होता.

टिटवाळ्याला पोचलो तेव्हा समोरच्या अर्धवट बिल्डिंगमागे बीजेची कोर उतरत होती. आत्या गॅलरीत ताम्हण घेऊन उभी.

"दादा, वाट बघून बघून चंद्राला ओवाळलं हो मी. तो बापडा वेळेवर येतो."

"त्याला सायलेन्सर नसतो," बाबा म्हणाले आणि न खोकता हसले.

आत्याने वात पुन्हा सारखी केली. ओवाळणं मी काही पाहिलं नाही. भिंतीला पाठ टेकली होती, तिथेच झोप लागली.