एंजलफिशची वेळ

तो कारंजा गावातला माझा शेजारी, पंचायत समितीत कारकून. घरी समुद्रातल्या एंजलफिशची पैदास करतो. समुद्र इथून कितीतरी लांब, म्हणून पिंपात मीठ कालवून समुद्रही घरीच करतो. बोलताना तो तुमच्याकडे पाहत नाही, टाकीकडे पाहतो. दिवेलागणीला त्याच्या घरात काळोख असतो. नरमादी त्याच वेळी जोडीनं वर येऊन अंडी सोडतात आणि टाकीतल्या मंद निळ्या दिव्याखेरीज उजेड दिसला की बिचकतात. "लाइट नोको, हळू बोला," हेच त्याचं या-बसा.

परवा दुपारी त्याची माय गेली. बहीण पुण्याहून यायची होती, म्हणून मयत बैठकीत, टाकीसमोरच ठेवलं होतं, उशाशी दिवा होता. आम्ही शेजारी भोवती बसलो होतो, तो पायाशी बसून लहान पोरासारखा रडत होता. अंधारून आलं तसा तो उठला, त्यानं बल्ब बंद केला आणि वाकून मायच्या उशाचा दिवा फुंकून टाकला.

"अबे, मायचा दिवा काहून इझवला?" त्याची मावशी किंचाळली.

टाकीच्या अंधुक निळ्या उजेडात दोन मासे गिरकी घेत वर आले. त्यानं पाण्यावर तरंगणारी अंडी कपानं अलगद उचलली. मग रडून बसलेल्या आवाजात म्हणाला, "माय आता कुठी जाऊन राह्यली, मावशी? अंडे त फिल्टरमंदी जातीन."

मग तो दिवा लावायला बसला. हात ओले होते, काडी पेटेना. आम्ही कोणीच पुढं झालो नाही.