तासाभराचं विमान

पुण्याहून नांदेडला विमान तासाभरात पोचतं. हे खरं आहे, आणि या खऱ्या गोष्टीनंच माझा घात केला.

भाचीचं लग्न होतं, कळमनुरीला. अक्काला मी एकटाच भाऊ, आई-वडील कधीच गेलेले. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. तो मान माझा. अक्का दुसरा भाऊ आणणार कुठून? एरवी मी आदल्या रात्रीच्या बसनं निघतो आणि सकाळी कंबर धरून उतरतो. या खेपेला कंबरेनंच हात टेकले होते, म्हणून लग्नाच्या दिवशीचं सकाळचं विमान धरायचं ठरवलं.

दाजींनी ते गावभर केलं. "मामा इमानानं येऊन राहिला. एक तास, बस!" विमान सुटायच्या वेळेत त्यांनी एक तास मिळवला आणि मला थेट मांडवात आणून उभं केलं. खरं सांगायचं तर माझाही हिशेब फार वेगळा नव्हता. घरापासून विमानतळ, तिथं आधी जाऊन ताटकळणं, पुढं नांदेड ते कळमनुरी, हे आम्ही दोघांनीही धरलंच नाही.

धुक्यामुळं विमान उशिरा सुटलं. एकदा वर गेल्यावर मात्र बरोबर तासाभरात उतरलं, त्यामुळं भांडायचं कुणाशी तेही कळेना. नांदेडला न्यायला कुणी आलेलं नव्हतं. फोन केला तर दाजी म्हणाले, "काहून? इमान इथवर न्हाई येत व्हय?" चेष्टाच होती, पण मला हसू आलं नाही. घरच्या सगळ्या गाड्या वऱ्हाडात गुंतल्या होत्या.

भाड्याची गाडी ठरवण्यात आणखी वेळ गेला. आखाडा बाळापूरला बाजार भरलेला, त्यात हळदीची पोती लादलेला ट्रॅक्टर रस्त्यात आडवा. ड्रायव्हर खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याशी हुज्जत घालत होता आणि मी आहेराची पिशवी मांडीवर घेऊन नुसता बसून होतो. इतका शिणलो होतो की उशीर झाल्याचं वाईट वाटायलाही अंगात जोर उरला नव्हता.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा अक्काचा फोन आला.

"कुठवर आलास रे?"

"बाळापूर सोडलंय."

तिच्या मागं बँड वाजत होता. "गुरुजीला दुसरं लगीन हाय. थांबत न्हाईत म्हणतेत."

"मग लावा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पोचलो तेव्हा पंगत बसली होती. भाची पाया पडली. दाजींनी, "आलं बघा इमान!" म्हणत मला पाटावर बसवलं. अक्का वाढायला आली. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची मला लाज वाटत होती. तरी विचारलं, "मागं कोण उभं राहिलं? दाजींच्या भावकीतलं कुणी?"

"त्यांच्या भावकीतलं कसं चालंल? माहेरचंच लागतंय." तिनं पानात भात वाढला, वर वरण घातलं. "मंग मीच हुबी राह्यले. मी बी त्याच घरातली हाय ना."