उतरवलेला झेंडा

वाशीतली ती सव्वीस जानेवारीची संध्याकाळ मी अजून विसरलेले नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी झेंडावंदनाचा दिवस आला की आधी तीच आठवते.

पहाटेपासूनचा बंदोबस्त आटोपून मी पोलीस ठाण्यात नुकतीच टेकले होते. एका सोसायटीचे चेअरमन चार-पाच सभासदांसह आले. आवारातला झेंडा चोरीला गेला म्हणाले. संशय वॉचमनवर, त्यालाही धरून आणलं होतं.

"एफआयआर घ्या मॅडम. राष्ट्रध्वजाचा मामला आहे."

तेव्हा सूर्यास्ताला ध्वज उतरवावाच लागे. ते काम वॉचमनचं.

"पान्याची मोटर बंद कराया मागं गेल्तो," तो म्हणाला. "आलो तर झेंडा न्हाई."

त्याला वेगळं बसवून तेच पुन्हा पुन्हा विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. हा घालत नव्हता. गुन्हा नोंदला असता तर त्याची नोकरी गेली असती आणि बायकोपोरांसकट जिन्याखालची खोलीही. स्टेशन डायरीला नोंद केली आणि आधी जागा पाहायला गेले.

खांबाची दोरी नीट गुंडाळून हुकाला बांधलेली होती. चोर एवढा वेळ काढत नाही. मग लक्षात आलं, तक्रार द्यायला आलेले सगळे पुरुष.

"तुमच्या घरच्या बायका कुठे आहेत?"

"बी विंगमध्ये हळदीकुंकू आहे. त्यांना काय विचारायचं?"

मी चेअरमनना घेऊन वर गेले. दारातच यजमानीणबाई म्हणाल्या, "झेंडा ना? तो काय, आजींकडे."

आजी म्हणजे चेअरमनच्या आई, निवृत्त शिक्षिका. खुर्चीत बसलेल्या, मांडीवर घडी घातलेला झेंडा.

"दिवस मावळला, खाली कोणी नाही. मी उतरवला," त्या मुलाला म्हणाल्या. "तुला फोन केला, उचलला नाहीस. होतास कुठे?"

"पोलीस स्टेशनला."

"कशाला?"

यजमानीणबाईंनी मला युनिफॉर्ममध्येच कुंकू लावलं आणि वाण म्हणून चहाची गाळणी दिली.

तक्रार घेऊन कोण आलं, यापेक्षा कोण आलं नाही, हे आधी बघायचं. हे मी त्या दिवशी शिकले आणि पुढे नोकरीभर वापरलं.

पुढच्या वर्षी बंदोबस्तावरून परतताना मुद्दाम त्या सोसायटीवरून जीप घेतली. दिवस मावळत होता. दोरी वॉचमनच्या हातात होती आणि झेंडा जमिनीला लागू नये म्हणून खाली दोन्ही हात पसरून चेअरमन उभे होते.