गोलंदाजाच्या घराची गंगूआक्का

गंगूआक्का म्हशीशीसुद्धा खोटं बोलायची. धारेला बसताना "आज सरकी देतो" म्हणायची आणि पुढ्यात नुसता कडबा टाकायची. तिचा गोठा आमच्या घराला लागून, त्यामुळे हे रोज कानावर यायचं. खोटेपणाचा आळ मात्र ती घेत नसे. "मी खोटं बोलत न्हाय. खऱ्याला जरा खुराक घालतो," असं तिचं म्हणणं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तोफखान्यातल्या एका गोलंदाजाचं जुनं घर होतं. वारस कुणी उरला नव्हता, म्हणून गल्लीच ते सांभाळायची. पावसाळ्याआधी बाबू तांबोळी कौलं चाळायचा, बायका आतून सारवून घ्यायच्या. अशात दरबारचा नवा रस्ता निघाला आणि घर नेमकं त्याच्या आड आलं.

ओव्हरसियर मोजणीची साखळी घेऊन आला, तर आक्कानं त्या घराच्या दारात म्हशी बांधलेल्या.

"पावणं, हितं थोरलं महाराज ताक प्यालेत," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला तिथं राणीसाहेबांचा मुक्काम पडला होता. त्यानंतर ती थेट पांडवांवर गेली.

"पांडवांच्या काळात तोफा होत्या का, बाई?" ओव्हरसियरनं विचारलं.

"भीमाला तोफ कशाला लागतीया?"

प्रकरण वर गेलं आणि एके सकाळी महाराज स्वतःच पाहायला आले. आम्ही पुरुषांनी आक्कालाच पुढं ढकललं. आता ही त्यांच्याच पूर्वजांना ताक पाजणार, या भीतीनं मी बाबूच्या मागं सरकलो.

"कोण राहायचं इथं?" महाराजांनी विचारलं.

आक्का कधी नव्हे ती अडखळली. "मोठं कोण न्हाय, सरकार. तोफंला बत्ती लावणारा साधा गडी. दुष्काळात त्यानं परसातली हीर समद्यांस्नी उघडी केली. जात इचारली न्हाय. माझी आई त्या पाण्यावर जगली, म्हनून मी हाय."

महाराज आत जाऊन विहिरीत डोकावले. बाहेर येऊन ओव्हरसियरला म्हणाले, "रस्ता वळवा."

"आक्का, आज खुराक कसा नाही?" मी मागाहून विचारलं.

"जीभच वळंना. न्हायतर भीम काढणारच हुतो."

पुढं काही वर्षांनी आक्का गेली. त्या अवघड वळणावर तिची तिरडी काही केल्या फिरेना. समोरून गुळाची गाडी आलेली. गाडीवान वैतागून म्हणाला, "असला वाकडा रस्ता केला तरी कुणी?"

बाबू तांबोळ्यानं खांद्यावरच्या तिरडीकडे मान वळवली. "हिनंच की."

गाडीवानानं मुंडासं काढलं आणि बैल मागं घेतले.